सेन्सर एक सांगतो, मशीन दुसरंच. दर महिन्याला दहा हजार घालायचे का?

पत्र: आम्ही तासगाव तालुक्यातले द्राक्ष बागायतदार. यजमान ६२ वर्षांचे, शुगर सतरा वर्षांपासून. सकाळ-संध्याकाळ मिक्स इन्सुलिन घेतात, शिवाय शुगरची गोळी मेटफॉर्मिन आणि बीपीसाठी मेटोप्रोलॉल. पुण्याच्या मुलाने दंडाला लावायचा सेन्सर आणून दिला. पाच हजारांचा, चौदा दिवस चालतो. तिसऱ्या रात्री दोन वाजता मोबाइल वाजला, आकडा ५८. घाबरून साखरपाणी पाजलं, वीस मिनिटांनी बोटाला टोचायच्या मशीनवर बघितलं तर ११२. हे म्हणाले, यंत्र खोटं आहे. एरवीही दोन्हींचा मेळ बसत नाही. सेन्सर १६८ म्हणतो तेव्हा मशीन १८९ म्हणतं. बेदाण्याच्या शेडवर तर मशीनने ३१२ दाखवलं आणि सेन्सरने १७८. मुलगा म्हणतो, कायम लावा, महिन्याचे दहा हजार मी देतो. पण तो तिकडून आकडे बघतो आणि जरा वाढलं की फोन करतो, मग हे वैतागतात. पुतण्या म्हणतो, तीन हजारांत घड्याळ मिळतं, टोचायचं कामच नाही. आमच्याकडे शेतातल्या मोटरीला एक आठवडा दिवसा लाईट असते, एक आठवडा रात्री, त्यामुळे जेवणाच्या वेळाही धड नाहीत. डोळे दाखवायचे दोन वर्षं राहिलेत. मी नक्की कुणाचं ऐकू?

ताई, नमस्कार.

आधी त्या रात्रीचं बोलू. बाकीचे प्रश्न पैशाचे आहेत, हा जिवाचा आहे.

मशीनवर ११२ आलं म्हणून सेन्सर खोटा ठरत नाही. तुम्ही आधी साखरपाणी पाजलंत आणि मग टोचलंत. खरोखर ५८ असलेली शुगर साखरपाण्याने वीस मिनिटांत शंभराच्या वर जाऊ शकते. त्यामुळे त्या ११२ वरून सेन्सर बरोबर होता की चूक, काहीच ठरत नाही. तुम्ही घाबरून साखर दिलीत यात वावगं काही नाही, दुसऱ्या कुणीही तेच केलं असतं. फक्त त्यावरून यंत्राला खोटं पाडू नका, एवढंच यजमानांना सांगा.

खरं काय झालं ते अजून शोधता येईल, कारण त्या रात्रीचा आलेख मोबाइलमध्ये आहे. ॲप उघडा, ती तारीख काढा आणि रेघेचा आकार नीट बघा. माणूस सेन्सर लावलेल्या दंडावर कूस करून झोपला की तिथली कातडी दबते, रक्ताभिसरण कमी होतं आणि सेन्सरला साखर कमी दिसते. अशा वेळी रेघ चांगली चाललेली असताना काही मिनिटांत एकदम खाली पडते, आणि कूस बदलली की तशीच झटक्यात वर येते. शुगर खरोखर उतरते तेव्हा रेघ तास-दीड तास घसरत जाते: १३०, ११०, ९०, ७०. यजमान कोणत्या कुशीवर झोपतात ते तुम्हाला ठाऊकच असेल. रेघ घसरत आलेली दिसली, किंवा त्याच सुमाराला दुसऱ्या रात्रीही खाली गेलेली दिसली, तर ते ५८ खरं होतं असं धरून चाला.

मला स्वतःला ते खरं असण्याची शक्यता जास्त वाटते, आणि तिचं कारण तुमच्याच पत्रात आहे. मिक्स इन्सुलिनमध्ये एक भाग लगेच काम करणारा असतो आणि दुसरा सावकाश. रात्री आठला घेतलेल्या इंजेक्शनचा हा दुसरा भाग मध्यरात्रीनंतर जोर धरतो. त्यात रात्रीच्या लाईटचा आठवडा असला की माणूस इंजेक्शन घेऊन दोन घास कसेबसे खातो आणि मोटर चालू करायला निघतो. अंधारात बांधाबांधाने चालणं, व्हॉल्व्ह फिरवणं, पाणी कुठवर आलं ते बघणं, हे सगळं कष्टाचंच काम आहे. कष्टानंतर स्नायू कित्येक तास रक्तातली साखर ओढत राहतात. जेवण कमी, काम जास्त आणि इन्सुलिन तेवढंच. अशा माणसाची शुगर पहाटे दोनला ५८ होणं अजिबात नवलाचं नाही.

त्यात मेटोप्रोलॉल आहे. शुगर उतरली की छातीत धडधडतं, हाताला कापरं भरतं. या गटातल्या गोळ्या नेमकी हीच लक्षणं झाकतात. घाम मात्र फुटतो. म्हणून रात्री बनियन ओलं झालं, सकाळी उठल्यावर डोकं जड आहे, असं कधी होतं का ते विचारा. गोळी मात्र स्वतःच्या मनाने बंद करायची नाही. हृदयासाठी दिलेली असेल तर ती एकदम थांबवणं धोक्याचं असतं.

पुन्हा रात्री मोबाइल वाजला आणि यजमान शुद्धीत, नीट बोलत असले, तर आधी बोटाला टोचा आणि ७० च्या खाली असेल तरच साखर द्या: तीन चमचे साखर किंवा तेवढीच ग्लुकोज पावडर, पाण्यात. घरात बेदाणा हाताशी असतो, पण तो चावून, गिळून, पचून रक्तात उतरायला वेळ घेतो, अशा वेळी तो नको. घाम फुटलाय, असंबद्ध बोलतायत असं दिसलं, किंवा स्ट्रिप सापडत नसली, तर टोचत बसू नका, साखर आधी. आणि बेशुद्ध असले तर तोंडात काहीही घालायचं नाही, थेट गाडी काढायची.

साखर दिल्यावर पंधरा मिनिटांनी परत बघायचं ते मशीनवर. सेन्सर तेव्हाही खालचाच आकडा दाखवत असतो आणि घरचे पुन्हा पुन्हा साखर भरवतात. मग सकाळी ३०० निघते आणि दिवस बिघडतो.

हा उशीर का होतो ते सांगते, म्हणजे १६८ आणि १८९ चं कोडंही सुटेल. मशीन रक्तातली साखर मोजतं. सेन्सरचा बारीक तंतू कातडीखाली पेशींच्या मधल्या पाण्यात असतो, रक्तात नसतो. पाटाला पाणी सोडलं तरी शेवटच्या वाफ्यात पोचायला वेळ लागतो, तसं रक्तातल्या साखरेचा बदल तिथे पोचायला पाच ते पंधरा मिनिटं जातात. शुगर स्थिर असताना दोघांचं बऱ्यापैकी जमतं. जेवणानंतर ती भराभर चढत असताना किंवा कामाच्या वेळी उतरत असताना जमत नाही. म्हणून ताळा करायचा तो सकाळी उपाशीपोटी किंवा जेवणाआधी, रेघ आडवी चाललेली असताना.

तरीही फरक राहणारच. कंपन्या सेन्सरची अचूकता सरासरी फरकाच्या टक्क्यांत सांगतात, त्याला ‘मार्ड’ म्हणतात. ॲबट कंपनीच्या पहिल्या लिब्रे सेन्सरच्या सुरुवातीच्या चाचणीत तो ११.४ टक्के होता, लिब्रे २ मध्ये ९ टक्क्यांच्या आसपास आला, लिब्रे ३ मध्ये ७.९. डेक्सकॉम कंपनीच्या जी ६ सेन्सरचा ९ टक्के. ही सरासरी आहे, म्हणजे काही वेळा फरक दोनच टक्के असतो आणि काही वेळा वीस. लावल्याच्या पहिल्या दिवशी तो जास्त असतो, म्हणून पहिल्या चोवीस तासांतल्या आकड्यांवर कुठलाही निर्णय घेऊ नये.

आणि ज्याला तुम्ही खरं धरताय ते मशीन तरी कुठे काटेकोर आहे? ग्लुकोमीटरसाठीचं आंतरराष्ट्रीय मानक, २०१३ चं आयएसओ १५१९७, एवढंच मागतं की १०० आणि त्यावरचे ९५ टक्के आकडे प्रयोगशाळेच्या आकड्याच्या १५ टक्के इकडेतिकडे असावेत, आणि १०० च्या खालचे १५ अंकांच्या आत. खरी शुगर १८० असेल तर मशीनने १५५ दाखवलं काय आणि २०५ दाखवलं काय, ते पासच. तुमच्या १६८ आणि १८९ मध्ये ११ टक्क्यांचा फरक आहे. दोन्ही आपापल्या जागी ठीक आहेत, आणि त्यावरून औषधात काही बदलतही नाही. ५८ आणि ११२ सारखा फरक मात्र सोडून द्यायचा नसतो, कारण तिथे पुढे काय करायचं तेच बदलतं.

शेडवरच्या ३१२ ची गोष्ट वेगळी आहे. तिथे चूक सेन्सरची नसावी, बोटाची असावी. यजमान बेदाणा हाताळत होते ना? बोटाला द्राक्षाची साखर लागलेली असली की स्ट्रिपवरच्या त्या इवल्याशा थेंबात ती मिसळते आणि आकडा भलताच फुगतो. जपानमध्ये यावर प्रयोग झालाय. माणसांना संत्रं, द्राक्ष, किवी सोलायला लावलं आणि त्याच बोटांवर शुगर मोजली. हात न धुता मोजलेले आकडे खोटे चढे आले, आणि नुसत्या स्पिरिटच्या बोळ्याने पुसूनही चूक गेली नाही. नळाच्या पाण्याने हात धुतल्यावर आकडे ठीक आले. तुमच्या भागात ही बाब प्रत्येक घराला माहीत हवी, कारण अशा खोट्या ३१२ वर कुणी चार युनिट जादा इन्सुलिन घेतलं तर शुगर खरोखर उतरायला वेळ लागणार नाही. साबण-पाण्याने हात धुवा, कोरडे करा, मग टोचा. शेडवर पाण्याची सोय नसली तर घरी येऊन बघा.

उलट बाजूने सेन्सरही फसतो. दिवसाला ५०० मिलिग्रॅमच्या वर व्हिटॅमिन सी पोटात गेलं तर लिब्रेचे काही सेन्सर शुगर असते त्याहून जास्त दाखवतात. सर्दी झाली म्हणून चघळायच्या आंबट गोळ्या दिवसातून दोन-तीन घेणारे बरेच असतात. यजमान घेत असतील तर हे चौदा दिवस बंद ठेवा.

घड्याळाचं दोन ओळींत सांगते. कातडीला न टोचता शुगर मोजणारं एकही घड्याळ किंवा अंगठी अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाने मान्य केलेली नाही, उलट फेब्रुवारी २०२४ मध्ये त्यांनी लोकांना अशा वस्तूंपासून जपायला सांगितलं. इन्सुलिन घेणाऱ्या माणसाच्या हातात ते घड्याळ नको. पुतण्याला प्रेमाने सांगा, पण ठाम सांगा.

आता पैसे. तुमच्या दराने वर्षाला २६ सेन्सर, म्हणजे एक लाख तीस हजार. आपल्याकडच्या बहुतेक आरोग्य विमा पॉलिसी दवाखान्यात दाखल झाल्यावरचा खर्च देतात, घरी वापरायचा सेन्सर त्यात बसत नाही. पॉलिसीत ओपीडीचा भाग असेल तर विचारून बघा, पण त्या भरवशावर राहू नका.

हा खर्च कुणी कायमचा करावा? टाइप १ च्या, म्हणजे ज्यांच्या शरीरात इन्सुलिन जवळजवळ बनतच नाही अशा, मुलांनी आणि मोठ्यांनी, जमत असेल तर नक्की. दिवसात चार-चार इंजेक्शनं घेणाऱ्यांनी, इन्सुलिनवर असलेल्या गरोदर बायकांनी. आणि ज्यांना शुगर उतरल्याचं कळतच नाही, त्यांनी. नुसत्या मेटफॉर्मिनवर असलेल्या, शुगर ताब्यात असलेल्या माणसाला मी कायमचा सेन्सर लावायला सांगणार नाही.

यजमान या दोन्हींच्या मध्ये आहेत. ते कोणत्या बाजूला जातात हे एकाच गोष्टीवर ठरेल: शुगर ७० च्या खाली गेल्यावर त्यांना स्वतःला कळतं का? त्या रात्री मोबाइल वाजण्याआधी ते जागे झाले होते का, की तुम्ही हलवून उठवलंत? आधी कधी दुपारी बागेत गरगरलं, कुणीतरी गूळ दिला, असं झालंय का? याची उत्तरं तुम्ही दोघांनी बसून काढा. कळत नसेल, तर मी मुलाच्या बाजूने आहे. निदान रात्रीच्या लाईटचे महिने आणि छाटणीचे दिवस सेन्सर दंडावर असू द्या, आणि तोही इशारा वाजवणारा. नुसता मोबाइल जवळ नेऊन बघायचा असेल तर झोपलेल्या माणसाला त्याचा काही उपयोग नाही.

कळत असेल, तर वर्षाला चार सेन्सर पुरेत. वीस हजार होतील. बाकीच्या दिवसांत आठवड्याला दहा स्ट्रिप्स वापरा. एक साधारण वीस रुपयांना पडते, म्हणजे वर्षाचे साडेदहा हजारांच्या आत. सगळं मिळून तीस हजारांच्या आसपास. मुलाचे लाखभर रुपये वाचतील, आणि उपचार बदलायला लागणारी माहिती बहुतेक तेवढीच मिळेल. दोन-तीन महिने हौसेने लावून, मग खर्च झेपेना म्हणून सेन्सरही बंद आणि बोटाला टोचणंही बंद, अशी माणसं मी पुष्कळ बघते. तसं होण्यापेक्षा हे बरं.

पण ते चार सेन्सर कधी लावायचे, यात सगळं आहे. तुमच्याकडे लाईटची पाळी आठवड्याने बदलते आणि सेन्सर चौदा दिवस चालतो. म्हणजे एकाच सेन्सरमध्ये एक आठवडा दिवसाच्या लाईटचा आणि एक रात्रीच्या लाईटचा बसतो. पाळी बदलायच्या दिवशी, सकाळच्या आंघोळीनंतर, दंड कोरडा करून लावा. दंडाच्या मागच्या बाजूला, केस काढून. फवारणी त्याच दिवशी ठेवू नका, घामाने चिकटपट्टी सुटते. मुदतीआधी पडला किंवा बंद पडला तर फेकू नका. खोका, बिल आणि त्यावरचा नंबर ठेवून कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन करा, बदली मागता येते. काही मॉडेलमध्ये फक्त शेवटच्या आठ तासांची नोंद साठते, म्हणून झोपताना आणि उठल्याबरोबर मोबाइल दंडाजवळ न्यायचाच.

सोबत एक साधी वही ठेवा. इंजेक्शन किती वाजता, किती युनिट, जेवण किती वाजता, मोटरीला किती वाजता गेले, एवढंच. कागदावर तुमच्या हातचं लिहिलेलं नसेल तर आलेखातला खड्डा कशाने पडला ते डॉक्टरांना सांगता येणार नाही. माझ्याकडे लोक मोबाइल पुढे करतात, त्यात सुंदर रंगीत आलेख असतो, आणि त्या दिवशी रात्री काय जेवलात विचारलं की कुणालाच आठवत नाही.

चौदा दिवसांनी ॲपमधून अहवाल काढा. त्यात ७० ते १८० च्या मध्ये शुगर किती टक्के वेळ होती ते दिसेल. बहुतेकांसाठी ७० टक्क्यांच्या वर चांगलं, म्हणजे दिवसातले जवळजवळ सतरा तास. पण यजमानांच्या बाबतीत माझी नजर आधी खालच्या पट्ट्यावर जाईल. ७० च्या खाली ४ टक्क्यांहून कमी वेळ हवा, म्हणजे दिवसाला तासभरही नाही. वयस्कर आणि धोका जास्त असलेल्यांसाठी हीच मर्यादा १ टक्का धरतात. रात्रीच्या लाईटच्या आठवड्यात हा पट्टा फुगलेला दिसला तर डॉक्टरांना सरळ विचारा: या आठवड्यासाठी रात्रीचा डोस वेगळा ठेवायचा का, की इन्सुलिनचा प्रकारच बदलायचा? हा निर्णय त्यांचाच. तुम्ही घरी युनिट कमी-जास्त करू नका. पण तुम्ही विचारल्याशिवाय त्यांना तुमच्या लाईटचं वेळापत्रक कळणार नाही, हेही तितकंच खरं.

तीन महिन्यांची सरासरी, एचबीएवनसी, चालूच ठेवा, पण एकट्या तिच्यावर विसंबू नका. रात्री ५८ आणि दुपारी २५० असणाऱ्या माणसाची सरासरी छान दिसू शकते.

मुलाशी तुम्हीच बोला. तो काळजीने फोन करतो हे कळतं, पण भाकरी-पिठलं जेवल्यावर तासाभराने २१० दिसणं हे पुण्याहून फोन करण्याचं कारण नाही. सतरा वर्षं शुगर सांभाळणाऱ्या माणसाला दर जेवणानंतर जाब द्यावा लागला तर तो एक दिवस सेन्सर उपटून टाकेल, आणि त्याचं मला नवल वाटणार नाही. मुलाच्या ॲपमध्ये वरच्या आकड्याचा इशारा बंद करता येतो. तो बंद करायला सांगा, खालचा चालू ठेवू दे. रात्री फोन केलाच तर तो तुमच्या मोबाइलवर करायचा, यजमानांच्या नाही. आणि रात्री मोटरीला जाताना बरोबर कुणीतरी असावं, नाहीतर खिशात ग्लुकोजची पुडी आणि चालू मोबाइल.

डोळ्यांचं पत्राच्या शेवटी एका ओळीत लिहिलंय, पण माझ्या लेखी ते सेन्सरच्या आधी येतं. सतरा वर्षांच्या शुगरमध्ये डोळ्याचा पडदा दरवर्षी बघायलाच हवा, बाहुली मोठी करून. पडद्यावर सूज किंवा रक्तस्राव सुरू झाला तरी बराच काळ नजर चांगली राहते, म्हणून दिसतंय तोवर कुणी जात नाही. त्याच फेरीत मूत्रपिंडासाठी लघवीतलं अल्ब्युमिन आणि रक्तातलं क्रिएटिनिन तपासून घ्या. मूत्रपिंड मंदावलं की इन्सुलिन शरीरात जास्त वेळ रेंगाळतं, आणि रात्री शुगर उतरण्याचं तेही एक कारण असू शकतं. सांगली-मिरजेत हे सगळं एका दिवसात होतं, आणि त्याचा खर्च बहुधा एका सेन्सरपेक्षा कमीच येईल. पुढचा सेन्सर मागवायच्या आधी ही फेरी करा. डोळ्यांत थेंब घातल्यावर काही तास अंधुक दिसतं, म्हणून यजमानांना गाडी चालवू देऊ नका, आणि रात्रीच्या लाईटच्या आठवड्यात तो दिवस ठेवू नका.